विद्यापीठाच्या आवारांतील अणुभट्टी

'अणुभट्टी' हा शब्द कानीं पडतांच सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें १९४५ सालचें हिरोशिमा अथवा १९८६ सालचें चेर्नोबिल उभें राहतें. अशी एक भट्टी गांवांतील विद्यापीठाच्या आवारांत, वर्ग व वसतिगृहें यांपासून हांकेच्या अंतरावर आहे, असें त्याला कळलें तर तो दचकेल यांत नवल नाहीं. शास्त्रज्ञ हा दचका अज्ञानमूलक मानतात. नागरिक शास्त्रज्ञांच्या निर्धास्तपणास बेफिकिरी समजतात. दोहोंच्या म्हणण्यांत तथ्य किती, याचा उलगडा अमेरिकेंतील दोन विद्यापीठांच्या इतिहासावरून चांगला होतो.

विद्यापीठानें चालविलेली पहिली अणुभट्टी १९५३ सालीं नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील रॅले या शहरीं सुरू झाली. वीज निर्माण करणें हा अशा भट्टीचा हेतु नसतो. तींतून बाहेर पडणारे न्यूट्रॉन हेंच तिचें पीक. त्यांच्या साहाय्यानें पदार्थांची अंतर्रचना तपासतां येते. प्राचीन खापरांतील सूक्ष्म घटक ओळखून तें भांडें कोठें घडलें याचा तर्क बांधतां येतो. रोगचिकित्सेस लागणारीं किरणोत्सर्गी द्रव्यें तयार करतां येतात. आणि तरुण अभियंत्यांस भट्टी हांकण्याचें प्रत्यक्ष शिक्षण मिळतें.

प्रमाणाचा विचार केला तर शास्त्रज्ञांचा पक्ष बळकट दिसतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची भट्टी १०० किलोवॅट शक्तीची होती. वीज उत्पन्न करणाऱ्या मोठ्या अणुभट्टीची उष्णताशक्ति ३० लक्ष किलोवॅटच्या घरांत असते. म्हणजे प्रमाण एकास तीस हजार. अणुबाँबसारखा स्फोट तर कोणत्याच अणुभट्टींत होऊं शकत नाहीं. अनेक विद्यापीठांनीं घेतलेल्या 'ट्रायगा' जातीच्या भट्टींत आणखी एक सोय आहे. इंधन तापूं लागलें कीं विभाजनाची क्रिया आपोआप मंदावते. चालकाचा हात चुकला, तरी द्रव्याचा स्वभाव चुकत नाहीं.

मग नागरिकांची काळजी निराधारच होती काय? तसें म्हणतां येत नाहीं. लॉस एंजेलिसची भट्टी १९६० सालीं सुरू झाली. वीस वर्षांनंतर परवान्याच्या नूतनीकरणाचा प्रश्न निघाला, तेव्हां 'कमिटी टु ब्रिज द गॅप' नांवाच्या नागरिकांच्या मंडळीनें हरकत घेतली. हवेंत शेंकडा एक भाग या हिशेबानें आर्गॉन वायु असतो. न्यूट्रॉनांच्या माऱ्यानें तो किरणोत्सर्गी होतो व सुमारें एक तास पन्नास मिनिटांत त्याचा जोर निम्म्यावर येतो. भट्टीच्या धुराड्यांतून बाहेर पडणारा हा वायु शेजारच्या इमारतींतील माणसांपर्यंत किती पोंचतो, हा एक प्रश्न. भट्टींतील ग्रॅफाइटला आग लागली तर काय, हा दुसरा. कारण १९५७ सालीं इंग्लंडांत विंडस्केल येथें अशा भट्टींत आग लागली होती. आणि भट्टीचें इंधन कोणी पळविलें तर काय, हा तिसरा.

या तिसऱ्या प्रश्नांत खरें मर्म होतें. खाणींतून निघणाऱ्या युरेनियमांत विभाजनास उपयोगी पडणारा अंश शेंकडा एकाहूनही कमी असतो. वीजकेंद्रांत तो सामान्यतः शेंकडा तीन ते पांच करून वापरतात. परंतु विद्यापीठांना पूर्वीं मिळालेलें इंधन पुष्कळदां शेंकडा नव्वदांहून अधिक समृद्ध, म्हणजे बाँबच्या प्रतीचें असे. एका लहान भट्टींतील सांठा बाँबला पुरणारा नव्हता हें खरें. पण थोडथोडें जमवून पुरेसें होतें, हेंही तितकेंच खरें. शिवाय विद्यापीठ म्हणजे कोठार नव्हे. तेथें दारें उघडीं असावयाचीं, पाहुणे यावयाचे, विद्यार्थी रात्रीं बेरात्रीं काम करावयाचे. विद्येला जें पोषक, तेंच राखणीला प्रतिकूल.

१९८४ सालीं ऑलिंपिक सामने लॉस एंजेलिस येथें भरले आणि खेळाडूंच्या निवासाची एक जागा याच विद्यापीठाच्या आवारांत होती. त्याच वर्षीं विद्यापीठानें परवान्याचा अर्ज मागें घेऊन भट्टीचा नाद सोडला. बारा वर्षांनीं हाच प्रसंग अटलांटा येथें उद्भवला. जॉर्जिया टेक या संस्थेंत १९६४ पासून एक भट्टी होती, आणि १९९६ च्या ऑलिंपिकचे खेळाडू तिच्याच आवारांत उतरणार होते. सामन्यांपूर्वींच तेथील इंधन हलविण्यांत आलें. खेळाडू पंधरा दिवसांचे पाहुणे होते. विद्यार्थी व शेजारी त्या भट्टीजवळ तीस वर्षें वावरत होते. जी खबरदारी पाहुण्यांसाठीं शक्य झाली, ती घरच्यांसाठीं आधीं कां सुचूं नये?

सुदैवानें उपाय ठाऊक होता. समृद्धता शेंकडा वीसांच्या खालीं ठेवलेलें इंधन वापरलें, तर बहुतेक संशोधन चालतें आणि चोराच्या हातीं बाँबचें द्रव्य लागत नाहीं. १९८६ सालीं अमेरिकेच्या अणुनियंत्रण आयोगानें असा बदल करण्याचा नियम केला, व हळूहळू बहुतेक विद्यापीठांनीं तो अमलांत आणला. मॅसॅच्युसेट्स व मिसूरी येथील अधिक शक्तीच्या भट्ट्यांना मात्र योग्य इंधनासाठीं दीर्घकाळ थांबावें लागलें. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथें ४ ऑगस्ट १९५६ रोजीं सुरू झालेली 'अप्सरा' विद्यापीठाची नव्हे, तथापि संशोधनाचीच भट्टी होती. तिच्या जागीं २०१८ सालीं चालू झालेली नवी 'अप्सरा' कमी समृद्ध इंधनावरच चालते.

राखणीइतकेंच महत्त्व स्मरणाला आहे. भारतांतील एका विद्यापीठानें याचा कटु अनुभव घेतला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागांत भट्टी नव्हती. परंतु कोबाल्ट-६० चें एक किरणयंत्र होतें. तें १९८५ पासून वापराविना पडून राहिलें. कोबाल्टचा जोर सव्वापांच वर्षांनीं निम्मा होतो. माणसांची आठवण त्याहून लवकर विरते. २०१० सालीं तें यंत्र भंगार म्हणून लिलावांत विकलें गेलें. मायापुरीच्या बाजारांत कामगारांनीं तें फोडलें. कित्येक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यु झाला. तेथें कोणताही स्फोट झाला नव्हता. फक्त नोंदवहींतील एक ओळ कोणी वाचली नव्हती.

म्हणून शेजारीं अणुभट्टी असलेल्या नागरिकानें भिण्यापेक्षां विचारावें. इंधन किती व किती समृद्ध आहे? त्यावर पहारा कोणाचा? धुराड्यांतून काय बाहेर पडतें आणि तें मोजतो कोण? भट्टी बंद झाल्यावर अवशेष कोठें जाणार, व तो खर्च कोण सोसणार? जाणता प्राध्यापक निवृत्त झाल्यावर नोंदी कोणाच्या हातीं राहणार? पहाऱ्याचा तपशील गुप्त ठेवणें योग्यच. परंतु बाकीच्या प्रश्नांचीं उत्तरें देणें हें विद्यापीठाचें कर्तव्य आहे. जी संस्था विद्यार्थ्यांना शंका विचारावयास शिकविते, तिनें शेजाऱ्यांच्या शंकेचा राग मानूं नये.