रंगाच्या पोटी गंध



विषय रसायनशास्त्रातला असला, तरी त्याचे मूळ आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

केशर तापलेल्या पळीत किंचित शेकून मगच दुधात खलावे, असा आपल्या घरांतून परिपाठ आहे. ही केवळ रूढी नव्हे. काश्मीरात पांपोर येथे नुकत्याच खुडलेल्या फुलांतील लाल तंतूंना केशराचा परिचित वास जवळजवळ नसतो. मक्याच्या दाण्यास पिवळेपणा देणारे झिअझॅन्थिन हे रंगद्रव्य या तंतूंतही असते. त्याच्या रेणूत कार्बनचे 40 अणू असतात. फुलातच त्याचे तीन तुकडे होतात. मधल्या 20 अणूंच्या तुकड्यापासून केशरास रंग देणारे क्रोसिन घडते. टोकांच्या 10-10 अणूंच्या तुकड्यांस साखर जोडली जाऊन कडू, रंगहीन पिक्रोक्रोसिन तयार होते. तंतू वाळवताना उष्णतेने ही साखर सुटते आणि सॅफ्रानल हे सुगंधी द्रव्य प्रकट होते. पळीतली ऊब हेच कार्य पुढे नेते. मात्र आच बेताचीच हवी. ती वाढली की गंध उडून जातो आणि रंगही विटतो.

चहाच्या पानांतील कॅरोटीनही प्रक्रियेत व भट्टीच्या उष्णतेत मोडते व त्यातून 13 कार्बनांचे बीटा-आयोनोन निर्माण होते. त्याचा वास व्हायोलेटच्या फुलांसारखा असतो.

हे ज्ञान व्यवहारातही उपयोगी आहे. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले हातांनी खुडावी लागतात. म्हणूनच रंगवलेले मक्याचे तुरे वा करडईच्या पाकळ्या केशर म्हणून विकल्या जातात. त्यांत पिक्रोक्रोसिन नसते. म्हणून त्यांस कडवटपणा नाही आणि शेकूनही केशराचा गंध नाही. अस्सल तंतू जिभेवर कडू लागतो. कोमट पाण्यात सावकाश पिवळा रंग सोडतो व स्वतः लालच राहतो. काश्मिरी केशरास 2020 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. परंतु नकली माल खपत राहिला, तर ग्राहकाबरोबर त्या शेतकऱ्याचेही श्रम मातीमोल होतात.

परप्रांती वाढणाऱ्या आपल्या मुलांना श्रीखंडाची कृती सांगताना पळी शेकण्याचे कारणही अवश्य सांगावे. कारण कळलेली रीत सहसा टाकली जात नाही, असा आमचा विश्वास आहे.