चाळणी कुठे लावायची?

(अकादमीच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



निमंत्रणपत्रिकेवर ‘डेटाबेस आणि मराठी’ असा विषय वाचून दोघांनी मला फोन केला. बाई, छपाईची चूक तर नाही ना? छपाईची नाही. पण एक चूक माझ्या हातून झाली, आणि ती समजून घेण्यासाठी पन्नाशीनंतर मला संगणकशास्त्रातला एक धडा शिकावा लागला. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला तो जसा समजला तसा आज तुमच्यापुढे ठेवते.

मी बडोद्याची. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली, हे आपण जाणताच. माझ्या विद्यार्थिदशेत जुन्या अंकांच्या दालनात वाचकाला प्रवेश नसे. आपण चिठ्ठी लिहून द्यायची, आणि शिपाईमामा आत जाऊन नेमका तो अंक घेऊन यायचे. समजा, मामांना वाचता येत नसते, तर? कपाटच्या कपाट हातगाडीवर घालून त्यांनी बाहेर आणले असते आणि आपण टेबलाशी बसून त्यातून आपला अंक शोधला असता. अंक मिळाला असता, पण दिवेलागण झाली असती.

डेटाबेसमध्ये नेमका हाच प्रश्न असतो. निवड माहिती जिथे ठेवली आहे तिथेच करायची, की सगळी माहिती वर मागवून मग निवडत बसायचे? निवडीचे काम खाली, माहितीच्या जवळ सोपवण्याला त्या शास्त्रात ‘पुशडाउन’ म्हणतात. मी त्याला ‘चाळणी खाली लावणे’ म्हणते.

याचे मूळ अमेरिकेत, आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली माहितीची मांडणी तक्त्यांच्या रूपाने करण्याचा सिद्धान्त मांडला. त्यातून पुढे आलेला मोठा विचार असा, की माणसाने ‘काय हवे’ तेवढेच सांगावे; ‘कसे आणायचे’ ते यंत्राने ठरवावे. त्याच प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली असे प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा मांडली. आज जगभर वापरली जाणारी एसक्यूएल ती हीच. ‘कसे’ हे यंत्रावर सोपवले, की मार्ग निवडणारा कोणीतरी आत लागतो. तो ऑप्टिमायझर.

हा ऑप्टिमायझर काय करतो? आपण शाळेत ज्याला वाक्यरूपांतर म्हणतो, तेच. ‘अर्थ न बदलता पुढील वाक्याचे रूपांतर करा’ हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवला आहे. ऑप्टिमायझर आपला प्रश्न घेतो आणि अर्थ तोच ठेवून कमी कष्टाच्या रचनेत बसवतो. माझे आजचे सगळे म्हणणे ‘अर्थ न बदलता’ या शब्दांत आहे.

एक उदाहरण घेऊ. आमच्याकडे जुन्या मराठी नियतकालिकांतल्या सुमारे चाळीस हजार लेखांच्या नोंदी आहेत. लेखकांची यादी वेगळी आहे. प्रश्न असा: १९२० ते १९२९ या काळातल्या लेखांचे लेखक कोणत्या गावचे? एक मार्ग म्हणजे चाळीस हजार लेखांपैकी प्रत्येकाशी लेखक जोडायचा आणि मग नको ती वर्षे टाकून द्यायची. दुसरा मार्ग म्हणजे आधी त्या दहा वर्षांचे लेख वेगळे काढायचे आणि तेवढ्यांनाच लेखक जोडायचे. उत्तर तेच येते, कष्ट मात्र कितीतरी वाचतात.

पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली ‘सिस्टिम आर’ या प्रयोगातल्या ऑप्टिमायझरचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या यंत्रणेचे दोन थर होते. वरचा थर प्रश्न समजून घेणारा, खालचा साठ्यातून नोंदी काढून देणारा. ‘अमुक रकाना अमुक किमतीएवढा, किंवा तिच्याहून मोठा’ अशा साध्या अटी खालच्या थराला कळत, म्हणून त्या खाली सोपवल्या जात आणि चाळून निघालेल्या नोंदीच वर येत. ज्या अटी त्याला कळत नसत, त्या वरच्या थरातच तपासल्या जात. खालच्याला जेवढे समजते तेवढेच काम त्याच्यावर सोपवायचे, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

चाळणी कुठे लावू नये, हेही त्या शास्त्राला ठाऊक आहे. वर्गातले पहिले दहा विद्यार्थी निवडून त्यांतले मराठीचे काढणे आणि मराठीचे विद्यार्थी काढून त्यांतले पहिले दहा घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत. तिथे क्रम बदलला की अर्थ बदलतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस दुसऱ्या यंत्रावरच्या पोस्टग्रेसला प्रश्न पाठवतो तेव्हा आपली अट पलीकडे याच अर्थाने लावली जाईल का, हे आधी पाहतो. अटीतली क्रिया दोन्हीकडे सारखी आहे याची खात्री नसेल, किंवा शब्दांचा वर्णक्रम पलीकडे वेगळा असण्याची शंका असेल, तर ती अट स्वतःकडेच ठेवतो आणि नोंदी वर मागवून चाळतो. तो उशीर पत्करतो, पण चूक पत्करत नाही.

आम्ही मात्र उलटे केले.

आमच्या सूचीत शोध घ्यायला फार वेळ लागे. जुन्या लेखनातले ‘स्थिति’ आणि नव्यातले ‘स्थिती’, जुने ‘नांव’ आणि नवे ‘नाव’ एकच धरण्यासाठी एका माजी विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो डेटाबेसच्या बाहेर, वरच्या बाजूला चाले. डेटाबेसला तो कळत नसल्यामुळे प्रत्येक शोधाला चाळीस हजार नोंदी वर येत. हातगाडीच ती! मी रोज कुरकुर करत असे. शेवटी एका मदतनीस तरुणाने शोधाची अट थेट डेटाबेसमध्ये नेली. उत्तर क्षणात येऊ लागले आणि मी त्याला पेढे दिले. तो छोटा प्रोग्राम वाटेतून गळाला आहे, हे त्याने मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

त्याच वर्षी माझी एक विद्यार्थिनी ‘उन्नती’ या शब्दाचा प्रवास अभ्यासत होती. तिने सूचीतून आलेख काढला. साठच्या दशकाआधी शब्द विरळ, नंतर भरभराट. त्यावर तिने वीस पानांचे प्रकरण लिहिले. स्वातंत्र्योत्तर आशावाद, नवा मध्यमवर्ग असे सगळे त्यात आले. मी ते वाचले, भाषा सुधारली आणि खाली सही केली.

ते प्रकरण आमच्या नोंदींचे काम पाहणाऱ्या निवृत्त शिक्षकांच्या हाती पडले. त्यांनी यादीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “बाई, हा शब्द १९२० साली षष्ठीत आहे, चतुर्थीत आहे, पण प्रथमेत एकदाही नाही. असं कधी असतं का?”

माझ्या लक्षात आले आणि मी गप्प बसले. जुन्या लेखनात तो शब्द ‘उन्नति’ असा ऱ्हस्व. ‘उन्नतीचा’, ‘उन्नतीसाठी’ अशा रूपांत मात्र तेव्हाही दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि तत्सम शब्दांच्या शेवटची वेलांटी हळूहळू सर्वत्र दीर्घ झाली. आमच्या आलेखात बहरली होती ती दुसरी वेलांटी. समाजाच्या आशावादाचा तिथे काही संबंध नव्हता.

प्रबंध सादर व्हायचा होता, म्हणून प्रकरण मागे घेता आले. त्या मुलीचे चार महिने गेले. ती मला एका शब्दाने बोलली नाही, त्याचे मला आजही वाईट वाटते. शब्दकोश तिच्या हातात होता तसाच माझ्याही हातात होता, आणि मार्गदर्शक मी होते.

दुरुस्ती सोपी निघाली. प्रत्येक नोंदीत मूळ शीर्षक जसेच्या तसे ठेवले आणि शेजारी एक नवा रकाना केला. त्यात शीर्षकाचे एकसारखे केलेले रूप नोंद भरतानाच साठवले जाते, आणि शोधाचा शब्दही त्याच नियमाने बदलून घेतला जातो. आता तुलना साधी झाली, ती डेटाबेसला कळते, म्हणून चाळणी खाली लावता येते आणि अर्थही राहतो. मामांना आम्ही वाचायला शिकवले, एवढेच.

पण काय वाचायला शिकवायचे, हे संगणकवाले ठरवू शकत नाहीत. ‘घरांत’ हा शब्द घ्या. १९३० च्या अंकात त्याचा अर्थ ‘एका घरात’ असाही असतो. आजच्या लेखनात तो फक्त अनेकवचनी. सगळे अनुस्वार सरसकट पुसले तर आजचे अनेकवचन जाते. तसेच ठेवले तर जुने एकवचन सापडत नाही. इथे नियमाला लेखाचे वर्ष पाहावे लागते. वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘काल’ ते ‘काव्य’ या दरम्यानचे शब्द मागितले, तर नुसत्या तक्त्याच्या क्रमाने ‘काळ’ हाती येतो, मराठी क्रमाने येत नाही. चाळणी त्याच भोकांची असते, पण ती धरणारा हात कोणत्या क्रमाने मोजतो त्यावर उत्तर ठरते.

म्हणून अध्यापक मित्रांना तीन विनंत्या. जुन्या मजकुराचे मूळ लेखन कधीही ‘सुधारून’ साठवू नका. सुधारलेले रूप शेजारी ठेवा. लेखनभेदांचे नियम अपवादांसकट कागदावर उतरवा आणि ते काम मराठीच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्या. ‘उन्नति’ प्रथमेत का नाही, हे त्यांनाच सुचेल. आणि शोध वेगवान झाला की पेढे वाटण्याआधी जुन्या, संथ पद्धतीने दहा-वीस शब्द पुन्हा शोधून दोन्ही उत्तरे ताडून पाहा.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मंडळी. आपल्या गावांतले जुने अंक, हस्तलिखिते, संस्थांची इतिवृत्ते आता कुठे सूचीत येऊ लागली आहेत. पुढचा अभ्यासक बहुधा कपाटापर्यंत जाणार नाही, तो सूचीला विचारेल. सूची ‘नाही’ म्हणाली, तर ते त्याच्या दृष्टीने नसेलच. ते ‘नाही’ खरे असावे, एवढी जबाबदारी आपली आहे.