पाणंदीचे काटे



उद्या सकाळी पाणंद मोकळी करायला निघायचे आहे. त्याआधी दोन शब्द बोलतो.

पिकात गुरे शिरू नयेत म्हणून आपल्या वाडवडिलांनी पाणंदीच्या दोन्ही अंगांना कुंपण लावले. शेर होता, घायपात होती, मधे एखादी बोर. त्यात वेडी बाभूळ कधी घुसली, कोणाला कळलेच नाही. ती आपल्या मातीतली नव्हे. अमेरिका खंडातली ती. १८७७ साली तिचे बी आपल्या देशात आणले. तिच्या गोड शेंगा गुरे-शेळ्या खातात. बी शेणातून, लेंड्यांतून पडते नि तिथेच उगवते. आपल्याच गुरांनी ती पेरली म्हणा ना!

आता दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या आहेत. गाडीवाट बुजली. गेल्या पावसाळ्यात वस्तीवरची एक बाई अडली. तिला बाजेवर घालून चिखलातून, बांधाबांधाने आणले. दवाखान्याची गाडी गावाच्या तोंडाशी उभी होती. बाई वाचली, पोर गेले. बाजेचा एक खूर माझ्या खांद्यावर होता.

तर उद्याचे काम. झाडे कापायचे मशीन भाड्याने आणले आहे. ते ज्याला येते त्यानेच चालवावे, आणि दोन्ही हातांनी. पात्याचे टोक लाकडाला लागले की मशीन उसळून तोंडावर येते. धोतराचा सोगा, गळ्यातला टॉवेल, काही लोंबते ठेवू नका. मशीन तापलेले असताना पेट्रोल भरायचे नाही. पोरे लांब ठेवा.

बुंधे ट्रॅक्टरने ओढायचे. साखळी खालच्या हुकालाच बांधा. वर बांधली तर पुढची चाके उचलतात, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. साखळी ताणलेली असताना जवळ कोणी उभे राहू नये. काटे आधी बाजूला करा, नाहीतर टायर पंक्चर!

मी एकदा माझ्या बांधावरची बाभूळ गुडघ्याएवढी ठेवून तोडली. मोठ्या ऐटीत! वर्षभरात एकेका खुंटाला सात-आठ धुमारे फुटले. म्हणून खुंट ठेवायचा नाही. माती उकरून, मुळाच्या वरच्या गड्ड्यासकट काढायचा. शेर, घायपात, बोर मात्र राहू द्या. त्यांनी बांधाची माती धरून ठेवली आहे. त्यांच्या वाटेत आलेल्या फांद्या तेवढ्या छाटा.

बांध कोणाचा, हा वाद उद्या नको. दोन्हीकडच्या मालकांनी आज दिवसाउजेडीच खुणा दाखवाव्यात. लाकूड संध्याकाळी वाटू. बायांनीही आपला वाटा मागून घ्यावा, चूल त्यांनाच पेटवायची असते.

सात वाजता मारुतीच्या देवळापाशी या. पायात जाड तळाचे बूट घाला, कोयता नि कुदळ आणा.