आजची लघुकथा आणि तिचे अनुवादक

लघुकथा ही कादंबरीची धाकटी बहीण, अशी समजूत साहित्यव्यवहारात दीर्घकाळ रूढ होती. कॅनडाच्या ॲलिस मन्रो यांना 2013 मध्ये मुख्यत्वे कथालेखनासाठी नोबेल पारितोषिक लाभले, तेव्हा या समजुतीला मोठा धक्का बसला. त्यानंतरचा धक्का भारतातून, हासनसारख्या जिल्ह्याच्या गावातून बसला. कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या संग्रहास 2025 चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. कथासंग्रहाला हा मान प्रथमच लाभत होता.

1990 ते 2023 या काळातील बारा कथा या संग्रहात आहेत. व्यवसायाने वकील असलेल्या या लेखिकेचा विषय दक्षिणेतील मुस्लिम स्त्रियांचे संसार हा आहे. शीर्षककथेतील मेहरुन पतीचे मन दुसरीकडे गुंतल्यामुळे माहेरी येते. घराण्याच्या अब्रूपायी भाऊ तिला परत पोहोचवितात. त्या रात्री ती अंगावर रॉकेल ओतून घेते, आणि थोरली मुलगी तान्ह्या भावंडासह धावत येऊन तिला अडविते. दुसऱ्या एका कथेत पतीने टाकलेली स्त्री न्यायासाठी मशिदीच्या मुतवल्लीकडे खेटे घालते. तो चालढकल करीत राहतो आणि तिचे आजारी मूल दगावते. गिरीश कासारवल्ली यांनी याच कथेवर 2004 मध्ये ‘हसीना’ हा चित्रपट काढला. गावात ज्यांच्या शब्दाला वजन असते, अशा मंडळींनी ही कथा अवश्य वाचावी. ती एका समाजापुरती नाही.

अनुवादिका दीपा भास्ती यांनी कन्नड, उर्दू व अरबी शब्द इंग्रजीत तसेच ठेवले. ते तिरप्या ठशात छापले नाहीत की त्यांना तळटीपा जोडल्या नाहीत. इंग्रजी वाचक मधूनमधून अडखळतो, आणि ते योग्यच आहे. मूळ शीर्षकातील ‘हणते’ म्हणजे मराठीतील पणती. ‘लॅम्प’ या शब्दात तिची माती उरत नाही, म्हणून इतरत्र असे शब्द राखणे अधिकच अगत्याचे. पारितोषिकाचे 50,000 पौंड लेखिका व अनुवादिका यांच्यात समसमान वाटले जातात, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे अनुवादकाचे नाव पुष्कळदा मुखपृष्ठावरही नसते!

शेजारच्या भाषेतील कथा मराठी वाचकाने लंडनमार्गे वाचण्याचे काही कारण नाही. कन्नडमधून थेट मराठीत येण्याची वाट जुनीच आहे. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या त्याच वाटेने मराठीत आणल्या.