खेड ते वारणा : यादवी संपते कशी?

(पिंपळे सौदागर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पिंपळे सौदागरमधील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे रोज नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशीमार्गे चाकणच्या कारखान्यांत जातात. चाकणला संग्रामदुर्ग आहे. शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यासमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी तो १६६० साली जवळजवळ दोन महिने लढविला. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेले की भीमेच्या काठी खेड लागते. हुतात्मा राजगुरूंचे जन्मस्थान म्हणून ते आज राजगुरुनगर या नावाने ओळखले जाते. या दोन्ही स्मृती समाजाने अभिमानाने जपल्या आहेत. मात्र याच खेडजवळ ऑक्टोबर १७०७ मध्ये मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या होत्या, याची आठवण फारशी कुणी काढत नाही. विजयाचे पोवाडे गायिले जातात, यादवीचे गायिले जात नाहीत. परंतु राष्ट्रजीवनाचे धडे पुष्कळदा यादवीच्या पानांवरच लिहिलेले असतात.

शत्रूने पेरलेले बीज

पंचवीस वर्षे दक्षिणेत झुंजूनही औरंगजेबाला स्वराज्य संपविता आले नाही. १७०७ च्या प्रारंभी अहमदनगरजवळ तो मरण पावला. १७०० साली राजाराम महाराजांचे निधन झाल्यानंतर ताराराणींनी सात वर्षे हे युद्ध चालविले होते. जे रणांगणावर साधले नाही ते राजकारणाने साधावे, असा विचार मोगल छावणीत झाला. झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने आझमशहाने मे १७०७ मध्ये शाहूराजांना मुक्त केले. रायगडच्या पाडावापासून, म्हणजे १६८९ पासून, ते कैदेत होते. मातोश्री येसूबाईंना मात्र मोगलांनी ओलीस ठेवून घेतले. एका म्यानात दोन तलवारी राहणार नाहीत, मराठे आपसांत लढतील, हा यामागील हिशेब उघड होता.

येथे एका पक्षाला नायक व दुसऱ्याला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. शाहूराजे संभाजी महाराजांचे पुत्र होते, गादीचे ज्येष्ठ वारस होते. दुसरीकडे ताराराणींचे म्हणणे असे होते की, थोरल्या महाराजांनी मिळविलेले राज्य संभाजी महाराजांच्या पाठीमागे गेले, आता आहे ते राजाराम महाराजांनी नव्याने उभे केले, म्हणून ते त्यांच्या पुत्राचे आहे. दोन्ही बाजूंना निष्ठावंत माणसे होती. यादवी भयंकर ठरते ती याचमुळे. तेथे दोन्हींकडे आपलीच माणसे असतात आणि दोन्हींकडे थोडे थोडे सत्यही असते.

खेडचा निकाल

ताराराणींनी सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांना शाहूराजांवर धाडले. पण लढाईपूर्वीच बाळाजी विश्वनाथांनी धनाजींच्या मनातील संशय दूर केला होता. आलेला पुरुष तोतया नसून खरोखर संभाजीपुत्र आहे, याची खात्री पटल्यावर त्या वृद्ध सेनापतीने शस्त्र चालविले नाही. एकटे पडलेले प्रतिनिधी माघारी वळले. अशा रीतीने खेडचा निकाल तलवारीने कमी आणि विश्वासाने अधिक लागला. जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

मात्र यादवी एका लढाईने मिटत नाही. पुढील पाच वर्षांत स्थिती अधिकच बिघडली. धनाजींच्या मृत्यूनंतर सेनापती झालेले त्यांचे पुत्र चंद्रसेन १७११ मध्ये ताराराणींच्या पक्षाला मिळाले आणि पुढे निजामाकडे गेले. ज्याला एका दरबारी मनाजोगते मिळाले नाही, त्याला दुसऱ्या दरबाराचे दार उघडे होते. राज्याला दोन धनी असले की निष्ठेचाही बाजार भरतो.

लोहगड आणि वळवण

१७१३ साली हे संकट अगदी मावळच्या दारी आले. ताराराणींच्या पक्षाचे दर्यासारंग कान्होजी आंग्रे घाटावर चढून आले. त्यांनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पकडून लोहगडावर कैदेत ठेवले. सातारा धोक्यात आला. नोव्हेंबरमध्ये मांजरी येथे पेशवेपदाची वस्त्रे बाळाजी विश्वनाथांना मिळाली ती या घटकेला.

बाळाजींनी कान्होजींशी युद्धाऐवजी बोलणे आरंभिले. लोणावळ्याजवळ वळवण येथे दोघांची भेट झाली. सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज या तिघांना समुद्रावर रोखणारा हा पुरुष हरवायचा की राखायचा, हा खरा प्रश्न होता. १७१४ च्या प्रारंभी तह झाला. कान्होजींकडे सरखेल हे पद आणि कोकणातील किल्ले राहिले, पिंगळे सुटले आणि आरमार साताऱ्याच्या छत्राखाली आले. पराभूत आंग्रे स्वराज्याला कायमचे पारखे झाले असते. सन्मानाने परतलेले आंग्रे अखेरपर्यंत किनाऱ्याचे राखणदार राहिले. त्याच वर्षी कोल्हापुरात राजसबाईंनी आपले पुत्र संभाजीराजे यांना गादीवर बसविले आणि ताराराणी पन्हाळ्यावर कैदेत पडल्या. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि येसूबाईही स्वदेशी परतल्या.

निजामाची खेळी

तरीही एक फट उरली होती, आणि निजामाने ती हेरली. खरा छत्रपती कोण हे ठरेपर्यंत चौथाई कुणाला द्यायची, असा साळसूद प्रश्न त्याने १७२७ मध्ये उभा केला. कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरून १७२८ च्या प्रारंभी त्याने पुणे घेतले आणि तेथे त्यांना छत्रपती म्हणून पुढे केले.

बाजीराव पुण्याच्या रक्षणासाठी धावत आले नाहीत, ही त्यांच्या रणनीतीची कसोटी होती. निजामाचे बळ तोफखान्यात होते. त्याच्या समोर जाऊन उभे राहणे म्हणजे त्याला हवे ते युद्ध देणे. बाजीरावांनी वऱ्हाड, खानदेश, गुजरात अशी दौड करून त्याचाच मुलूख पेटविला. औरंगाबादेला धोका दिसताच निजाम पुणे सोडून निघाला. वेग वाढविण्यासाठी त्याला अवजड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरनजीक पालखेडला तो पुरता कोंडला गेला. अन्न नाही, पाणी नाही. मार्चमध्ये मुंगी-शेवगावला त्याने तह केला आणि शाहू महाराजांचा अधिकार मान्य केला. यादवीचा परकीय आधारच तुटला.

विजयानंतरचा संयम

१७३० मध्ये वारणाकाठी संभाजीराजांच्या छावणीचा पराभव झाला. त्यांच्या पत्नी जिजाबाई आणि ताराराणी शाहू महाराजांच्या हाती लागल्या. महाराजांनी जिजाबाईंना सन्मानपूर्वक पन्हाळ्यास पाठविले. ताराराणींनी साताऱ्यास राहणे पसंत केले. १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणा ही सीमा ठरली. एकाच्या फुटलेल्या चाकराला दुसऱ्याने आश्रय देऊ नये, एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू, हे मान्य झाले. निष्ठेच्या बाजाराला कुलूप घालणारी ही कलमे होती.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला डभईच्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे बाजीरावांच्या फौजेशी लढताना पडले. निजामाशी संधान बांधल्याचा ठपका त्यांच्यावर होता. पण तळेगावच्या उमाबाई दाभाड्यांचा पुत्रशोक महाराजांनी जाणला. त्यांनी त्या घराण्याचे सांत्वन केले आणि सेनापतिपद त्याच घरात, यशवंतरावांकडे, ठेवले.

या शांततेचे मोल द्यावे लागले, हेही नाकारता येत नाही. सरदारांना राखण्यासाठी मुलूख वाटून द्यावे लागले, त्यातून पुढे मध्यवर्ती सत्ता सैल झाली. राज्याचे दोन भाग झाले ते झालेच. तरीही चोवीस वर्षांच्या कलहानंतर मराठी फौजा उत्तरेकडे निर्धास्त वळू शकल्या, त्या वारणेकाठी पाठ सुरक्षित झाल्यामुळे.

परक्याशी लढताना शौर्य पुरे पडते. स्वकीयांशी झालेला कलह मिटविण्यास शौर्यासोबत थोर मनही लागते. परक्याचा आधार निर्दयपणे तोडावा आणि आपल्या माणसाला परतीची वाट मोकळी ठेवावी, हा खेड ते वारणा या प्रवासाचा अर्थ आहे. संस्थेत, गावात वा घरात दुफळी होते तेव्हाही तोच उपयोगी पडतो. चाकणच्या रस्त्याने जाताना संग्रामदुर्गाला वंदन जरूर व्हावे. भीमेचा काठ आला की धनाजी जाधवांनी न उगारलेल्या तलवारीचेही स्मरण व्हावे.