निनावी तक्रार आणि शेजाऱ्याचें घर

शेजाऱ्याच्या घराविषयीं नगरपालिकेकडे तक्रार करावयाची, पण तिच्याखालीं आपलें नांव घालावयाचें नाहीं, ही वृत्ति कोणा एका देशाची मिरास नव्हे. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याच्याकडे पुष्कळ माणसांचीं नांवें असलेलें एक निनावी पत्रक आलें. त्यानें रोमच्या ट्रेजन बादशहाचा सल्ला विचारला. बिनसहीच्या आरोपांस कोणत्याहि खटल्यांत थारा देऊं नये, असें उत्तर आलें. तें प्रकरण धर्माचें होतें, अंगणांतील गवताचें नव्हतें. तरी प्रश्न तोच.

अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत तो २०२१ सालीं कायदेमंडळापुढें आला. तेथील नगरांचे नियम मालकाच्या अंगणांत थेट शिरतात. गवत किती वाढूं द्यावें, परवानगीवांचून पडवी काढावी कीं नाहीं, बंद पडलेली मोटार दारांत ठेवावी कीं नाहीं, सर्वांस नियम आहे. नियमभंग आढळल्यास निरीक्षक सूचना देतो व दुरुस्तीस मुदत ठरवितो. मुदत टळली कीं प्रकरण सुनावणीस जातें, आणि दंड बसतो तो दिवसाच्या हिशेबानें: सामान्यतः पहिल्या वेळीं रोजीं २५० डॉलरपर्यंत, पुन्हां घडल्यास ५०० पर्यंत. डनेडिन नांवाच्या शहरांत २०१८ सालच्या उन्हाळ्यांत वाढलेल्या गवतापायीं एका घरमालकावर सुमारें ३० हजार डॉलर दंड चढला. दंडाची ही रीत ध्यानीं घेतली म्हणजे, मनांत अढी धरून बसलेल्या शेजाऱ्याच्या हातीं एक निनावी फोन हें केवढें हत्यार होतें, तें उमगतें.

१ जुलै २०२१ पासून हें हत्यार काढून घेण्यांत आलें. तक्रार करणारानें आपलें नांव व पत्ता दिल्यावांचून कारवाई सुरू होऊं नये, असा कायदा झाला. लोकांचें आरोग्य, सुरक्षितता किंवा कल्याण यांस तात्काळ धोका आहे, असें मानण्यास निरीक्षकास कारण असलें, तर मात्र नांवाची अट नाहीं. वन्य जीवांच्या वसतिस्थानाचा तात्काळ नाश होणार असल्यासहि नाहीं.

हेतु चांगला, परंतु येथें एक भेद सुटला आहे. माणसाच्या श्रद्धेविषयींचा आरोप साक्षीदारावर उभा असतो, म्हणून साक्षीदार कोण हें विचारणें प्राप्तच आहे. भिंतीचें तसें नाहीं. भिंतीस तडा असेल तर तो तक्रारीखालीं सही नाहीं म्हणून बुजत नाहीं. गवत तर फूटपट्टीनें मोजतां येतें! अशा ठिकाणीं निनावी पत्रास पुरावा मानूं नये हें खरें, पण पाहावयास जाण्यापुरतें निमित्त मानण्यास काय हरकत होती? उलट, नांवानेंच काम होतें असेंहि नाहीं. सर्फसाइड येथील बारा मजली इमारतीच्या काँक्रीटची गंभीर हानि इंजिनिअरनें २०१८ सालींच नांवानिशीं अहवालांत मांडली होती, व तो अहवाल नगराच्या अधिकाऱ्यापर्यंत पोंचलाहि होता. हा कायदा अंमलांत येण्यापूर्वी एक आठवडा, २४ जून २०२१ रोजीं, ती इमारत कोसळली आणि ९८ माणसें दगावलीं.

श्रोत्यांनीं आतां एक भाडेकरीण डोळ्यांपुढें आणावी. छप्पर गळत आहे, मालक दाद देत नाहीं. पूर्वी ती नांव न सांगतां फोन करूं शके. आतां नांव दिलें पाहिजे, आणि फ्लॉरिडांत सरकारी दफ्तर पाहण्याचा लोकांचा हक्क इतका उदार आहे कीं, मालकानें मागितल्यास तें नांव त्याच्या हातीं पडतें. तक्रारीचा सूड म्हणून भाडें वाढविण्यास अगर घराबाहेर काढण्यास तेथील कायद्याची बंदी आहे. पण सूडानेंच काढलें, हें सिद्ध कोणीं करावयाचें? तिनेंच, आणि तेंहि कोर्टांत.

नांव घ्यावें, पण तें कचेरीनें आपल्याजवळच ठेवावें, एवढी एक तरतूद असती तर द्वेषी शेजारीहि आंवरला असता आणि ही बाईहि वाचली असती. ती नाहीं. अनेक नगरांच्या तक्रारअर्जांवर, दिलेलें नांव सार्वजनिक दफ्तरांत जाईल, अशी ताकीद आधींच छापलेली असते. ती वाचून किती जण अर्ज तसाच ठेवून परततात, याची नोंद त्या दफ्तरांत होत नाहीं.