शहरातील भाजीचा वाफा



महोत्सवप्रसंगी गतकाळाचा गौरव करावा, ही रीत आहे. तो पूर्ववक्त्यांनी यथास्थित केलाच आहे. आम्हांला बोलायचे आहे ते मेथी-पालकाविषयी. कोणास हा विषय क्षुल्लक वाटेल; परंतु महिनाअखेरीस ज्या घरात पहिली काटकसर भाजीत होते, त्या घराला तो तसा वाटत नाही. गहू-तांदूळ कोठीत महिनोन्‌महिने टिकतात आणि रेशनवरही मिळतात. पालेभाजी मात्र दोन दिवसांत कोमेजते. पाऊस लांबला किंवा वाहतूक अडली, की पहिला फटका तिलाच. २०२० सालच्या टाळेबंदीत हे आपण सर्वांनी अनुभवले.

शहरानेच आपली थोडी भाजी पिकवावी, हा विचार परदेशातून नव्याने आला असे पुष्कळांना वाटते. आपल्या इंदूरला तरी तो नवा नाही. होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ साली नगररचनेचा मोठा अहवाल लिहिला. शहराचा मळ गटारातून नदीत सोडण्याऐवजी मातीला परत द्यावा आणि त्यावर बागा फुलवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड येथे आले. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, पाणी शिंपडून व ढीग वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी येथेच बसविली. सहकारी यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली त्यांनी तीवर ग्रंथ लिहिला. जगभर ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आपल्या गावाच्या नावाने जग खत करते आणि आपण गच्चीवर मोडक्या खुर्च्या साठवितो, हे शोभते काय?

कचऱ्याच्या बाबतीत शहराने मोठीच मजल मारली, हे आनंदाने सांगितले पाहिजे. २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला मान इंदूरने वर्षानुवर्षे राखला. देवगुराडिया येथे २०२२ साली सुरू झालेला कारखाना रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून गॅस व खत करण्याच्या क्षमतेचा आहे. म्हणजे गेडीससाहेबांचे अर्धे म्हणणे फळास आले. उरलेले अर्धे जमिनीचे आहे. खत तयार आहे. पण ते घालायचे कोठे? शहराच्या कडेचे मळे एकामागून एक वसाहतींखाली जात आहेत. स्मार्ट सिटी योजना २०१५ साली निघाली आणि २०२५ साली संपली. शहाण्या नगराची कल्पना मात्र संपू नये. नकाशावर रस्ता, शाळा, वाहनतळ दाखवितात, तसा भाजीमळाही दाखविला पाहिजे. राखून न ठेवलेली जागा शहरात उरत नाही.

गच्चीवर गहू पिकणार नाही आणि कुंड्यांनी चोइथराम मंडी ओस पडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण वीतभर मातीत आणि पाच-सहा तासांच्या उन्हात मेथी महिन्याभरात काढणीस येते. पालक, कोथिंबीर, वेलीवरचा दोडका यांनी घरच्या ताटाला चांगला हातभार लागतो. मात्र ओल्या मातीचे वजन फार असते. म्हणून गच्चीची ताकद व गळती जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी आणि मातीत खत व पालापाचोळा अधिक घालून ती हलकी ठेवावी. नाल्याचे पाणी तर भाजीला मुळीच देऊ नये. त्यातून रोग आणि कारखान्यांचे विष ताटात येते.

आता न्यासापुढे आमची विनंती. सभागृहामागील मोकळी जागा लग्नसमारंभांना भाड्याने द्यावी, अशी सूचना आली आहे. भाड्याचे पैसे विद्यार्थी-साहाय्यास लागतात, हे खरे आहे. म्हणून सारी जागा आम्ही मागत नाही. तिचा चौथा भाग तेवढा वाफ्यांसाठी राखावा. न्यासाच्या स्वयंपाकघरातील देठ-साली तेथेच कुजवाव्यात. वसतिगृहातील मुलांनी पाणी घालावे, वडीलधाऱ्यांनी पेरणी शिकवावी आणि निघालेली भाजी आधी त्या मुलांच्या पंगतीत वाढावी. उरेल ती आपल्यातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी पोचवावी.

आपल्या पूर्वजांनी हा न्यास मूठमूठ धान्याच्या भावनेनेच उभा केला. त्या मुठीत आता थोडे बी असावे, एवढेच आमचे मागणे आहे. पावसाळ्यापूर्वी निर्णय व्हावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.